विजेचा दाब आणि घरातील यंत्रे

वळवाचे पहिले दोन-तीन पाऊस होऊन गेले की महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातील फळ्या भरू लागतात. आणि त्या फळ्यांवरील वस्तूंची कोणी सावकाश पाहणी केली, तर या सबंध प्रश्नाचा तपशील तेथे आपोआप मांडला गेला आहे असे त्याच्या ध्यानात येईल. एका टीव्हीच्या आत, वीज जेथे प्रथम प्रवेश करते तेथे, फ्यूजच्या शेजारची निळी चकती मधोमध फुटून काळी पडलेली असते आणि सभोवार काजळी उडालेली असते. लगतच्या राउटरची वीज घेणारी बाजू धडधाकट असून केबल खोचण्याचे तोंड तेवढे निकामी झालेले असते. खाली जमिनीवर उभ्या केलेल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर बाहेरून कसलाही डाग नसतो, परंतु मीटर लावताच त्याचे वाइंडिंग जळून बॉडीला भिडल्याचे उघडकीस येते. या तीन जखमा तीन निरनिराळ्या शत्रूंनी केलेल्या आहेत : पहिली कित्येक मिनिटे टिकलेल्या अतिदाबाची, दुसरी डोळ्याचे पाते लवण्यास लागणाऱ्या वेळाच्या सहस्रांशाहूनही अल्प काळात येऊन गेलेल्या आकाशातील विजेची, आणि तिसरी महिनोन्महिने सोसलेल्या अल्पदाबाची. गिऱ्हाईक मात्र तिन्ही प्रसंगी 'लाईट कमी-जास्त झाली आणि वस्तू उडाली' एवढेच सांगते, आणि नवी वस्तू विकणारा दुकानदार तिन्ही प्रसंगी स्टॅबिलायझर नावाची एकच पेटी पुढे करतो. रोग तीन आणि औषध एक, या समजुतीपायी सामान्य कुटुंबाचा पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो व खरे संरक्षण होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्या मताची कारणे क्रमाने मांडणे हाच या आढाव्याचा हेतू आहे.

घरात येणाऱ्या विजेचा दाब किती असावा याविषयी कायदा मौन बाळगून नाही. एका फेजच्या घरगुती जोडणीस पूर्वी २४० आणि आता २३० व्होल्ट हा प्रमाणदाब मानला जातो, आणि १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती ग्राहकाच्या बाबतीत घोषित दाबाच्या वर अथवा खाली सहा टक्क्यांपलीकडे फरक पडू देऊ नये असे बंधन पुरवठादारावर घातले होते. या हिशेबाने आपल्या भिंतीवरील सॉकेटमध्ये २१६ पासून २४४ व्होल्टपर्यंत कोठेतरी काटा राहिला पाहिजे. मुंबई शहरात, जेथे वीज भूमिगत केबलमधून येते आणि रोहित्रे घरांपासून फार दूर नाहीत, तेथे तो बहुधा राहतोही. पण त्याच राज्यात, रब्बीच्या हंगामात, लाइनीच्या शेवटच्या खांबावरून जोडणी घेतलेल्या घरी संध्याकाळी १७० अथवा १६० व्होल्ट दिसणे ही नवलाची गोष्ट नव्हे. कायद्याचा आकडा आणि सॉकेटातील आकडा यांत पडलेले हे अंतर कोठून येते, हे समजल्यावाचून उपायाची चर्चा व्यर्थ होय.

ते अंतर मुख्यतः तारेत उत्पन्न होते. वीस चौरस मिलिमीटर छेदाची अॅल्युमिनियमची तार घेतली, तर तिच्या एक किलोमीटर लांबीचा रोध सुमारे १.४ ओहम भरतो. आणि रोहित्राच्या डीपीपासून (वितरण पेटीपासून) घर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर वीज जाण्याचा व परतण्याचा मार्ग मिळून नेमकी तेवढीच लांबी होते. या तारेतून वीस अँपिअर प्रवाह वाहू लागला की २८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि २३० चे २०२ होतात. हे झाले एका घराच्या वापराचे. त्याच तारेवर पाच-दहा घरे, एक पिठाची गिरणी आणि कोणाचा तरी आकडा टाकलेला पंप असेल, तर उरलेल्या दाबाचा अंदाज कोणालाही करता येईल. रोहित्राची स्थितीही अशीच. शंभर केव्हीएचे रोहित्र दर फेजला साधारणपणे १३९ अँपिअर देऊ शकते, आणि पाच अश्वशक्तीचा पंप सात-साडेसात अँपिअर घेतो. म्हणजे अठरा-एकोणीस पंपांनी ते भरते. परंतु मंजूर पंप अठरा आणि प्रत्यक्ष चालणारे तीस, हा प्रकार ग्रामीण भागाला अपरिचित नाही. त्यात भर पडते ती ऑटोस्विचची. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत विहिरीवर बसण्याचे कष्ट वाचावेत म्हणून शेतकरी हे साधन बसवितो, आणि त्याचे कष्ट ध्यानात घेता त्याला दोष देणे मला जिवावर येते. पण त्याचा परिणाम असा होतो की पुरवठा येताच फीडरवरील सारे पंप एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात, प्रत्येक पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढतो, दाब कोसळतो, आणि बहुतेक वेळा डीपीचा फ्यूज अथवा खुद्द रोहित्रच जळते. पंपाला योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसविला तर ओढला जाणारा प्रवाह पुष्कळ कमी होतो, हे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे, आणि ते सांगणे शास्त्राला धरून आहे. गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे काढण्याचे काम जेथे मनापासून झाले तेथे गावातील घरांचा दाब सुधारला. जेथे ते कागदोपत्री झाले तेथे सुधारला नाही.

अल्पदाबाचा परिणाम सर्व उपकरणांवर सारखा होत नाही, ही गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात येते. तारेचा जुना पिवळा दिवा दाबाबाबत विलक्षण हळवा होता. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले की त्याचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येई. चोकपट्टीची ट्यूब तर पेटण्याचेच नाकारी. त्यामुळे 'आज लाईट डिम आहे' हे घरातील लहान मुलालाही कळत असे, आणि आजी फ्रिज बंद करायला सांगत असे. आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत, आणि त्यांतील चांगल्या प्रतीचे दिवे १६० व्होल्टवरही जवळजवळ पूर्ण प्रकाश देतात. ही सोय आहे यात शंका नाही, परंतु तिच्याबरोबर घराघरातील एक फुकटचा दाबमापक नाहीसा झाला, आणि दाब पडलेला आहे ही वार्ता आता कुटुंबाला पहिल्यांदा कळते ती कॉम्प्रेसर जळाल्यावर. काही शे रुपयांत मिळणारे, सॉकेटमध्ये खोचून ठेवण्याचे अंकदर्शी व्होल्टमीटर प्रत्येक घरात असावे असा माझा आग्रह आहे तो याच कारणाने. जो दाब आपण पाहतच नाही त्याचा बंदोबस्त आपण काय करणार?

मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अॅडॅप्टर आणि आजचे बहुतेक टीव्ही यांना अल्पदाबाची फारशी क्षिती नसते. चार्जरच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचली तर तेथे १०० ते २४० व्होल्ट असे स्पष्ट छापलेले आढळेल. आतील स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय दाब घटला की प्रवाह वाढवून घेतो आणि आपले काम निभावून नेतो. अशा उपकरणास अल्पदाबासाठी स्टॅबिलायझर घेणे हा निखालस अपव्यय होय. खरी विपत्ती मोटारीची असते. साध्या प्रवर्तन मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून १६० व्होल्टला तिच्यात निम्म्याहूनही कमी जोर उरतो. पंखा तेवढ्या जोरावर मंदपणे का होईना फिरत राहतो. परंतु फ्रिजच्या कॉम्प्रेसरला वायूच्या दाबाविरुद्ध उठावे लागते आणि त्याला ते जमत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरात उभे राहून ऐकले तर सर्व प्रकार कानाला कळतो : प्रथम कॉम्प्रेसर 'गूं' असा आवाज करून थरथरतो, काही सेकंदांनी ओव्हरलोड 'टक्' करून तुटतो, दोन-चार मिनिटांनी तो थंड होऊन पुन्हा जुळतो, आणि पुन्हा तीच धडपड. या प्रत्येक धडपडीत जागेवर अडकलेल्या मोटारीतून नेहमीच्या कित्येक पट प्रवाह जातो, वाइंडिंगवरील रोगण तापून कडक व ठिसूळ होते, आणि अशी एक उन्हाळी रात्र जे करीत नाही ते अशा शंभर रात्री करतात. हा आवाज ऐकू आला की फ्रिजचा प्लग काढावा, एवढे जरी घरातील सर्वांना ठाऊक असले तरी पुष्कळ कॉम्प्रेसर वाचतील.

स्टॅबिलायझर आपल्या घरांत आला तो मुख्यतः फ्रिज आणि टीव्ही यांच्या मागोमाग. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतरच्या दशकात ज्यांच्या घरी संच आले त्यांना दाब पडला की चित्र चहूबाजूंनी आकसत असल्याचे स्मरत असेल. संचाशेजारी काटा असलेली पेटी आणि तिची कळ फिरवणारे घरातील वडील मनुष्य हे तेव्हाचे नित्याचे दृश्य होते. १९७७ साली कोची येथे कोचौसेप चिट्टिलापिळ्ळी यांनी व्ही-गार्डची स्थापना केली ती या स्टॅबिलायझरांच्याच व्यवसायासाठी. हाताने फिरवण्याच्या कळीची जागा पुढे रिलेने घेतली. आत एक ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या वेटोळ्याला ठिकठिकाणी टॅप काढलेले असतात, आणि दाब पाहून रिले यांपैकी योग्य तो टॅप जोडतो; म्हणजे या पेटीतून बाहेर पडणारा दाब सरळ रेषेत न राहता पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. मोटारीने फिरणारा ब्रश वापरणारे सर्व्हो जातीचे यंत्र अधिक सूक्ष्म नियमन करते, परंतु ते मंद असते व त्याचा ब्रश झिजतो. घरगुती रिले-जातीच्या यंत्रासाठी भारतीय मानक ८४४८ आहे आणि सर्व्होसाठी ९८१५. खरेदीच्या वेळी मानकचिन्ह पाहणे हा किमान शिरस्ता पाळावा. त्याहीपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : ठरावीक मर्यादेपलीकडे दाब चढला तर पेटी पुरवठा तोडते की नाही, आणि गेलेली वीज परत आल्यावर ती सुमारे तीन मिनिटे थांबून मग जोडते की नाही. पहिली सोय नसेल तर स्टॅबिलायझर प्रसंगी घातकही ठरतो. १७० चे २३० करण्यासाठी त्याने वेटोळे वरच्या टॅपवर घेतलेले असते. रात्री पंप बंद पडून लाइनीचा दाब एकाएकी पूर्ववत झाला आणि रिलेचा संपर्क जागेवर चिकटून राहिला, तर हीच पेटी ३१० व्होल्ट बाहेर टाकते. दुसरी सोय कॉम्प्रेसरसाठी. तेवढ्या अवकाशात आतील वायूचा दाब समान होतो आणि मोटारीला उठणे सुकर होते.

परंतु स्टॅबिलायझरविषयीची माझी मुख्य तक्रार निराळीच आहे. ही पेटी वीज निर्माण करीत नाही. बाहेर २३० व्होल्टने आठ अँपिअर द्यायचे असतील तर १७० व्होल्टच्या लाइनीतून तिला जवळजवळ अकरा अँपिअर ओढावे लागतात; म्हणजे ज्या तारेवरील अधिक प्रवाहाने दाब पडला, त्याच तारेवर ती आणखी प्रवाह लादते. पहिल्या घराने पेटी घेतली की त्याचा प्रश्न सुटतो, दुसऱ्याचा थोडा बिकट होतो; दुसऱ्यानेही घेतली की तिसऱ्याचा; आणि लाइनीच्या शेवटी राहणारे, बहुधा ज्यांना पेटी परवडत नाही असे कुटुंब, सर्वांच्या वाटचा ऱ्हास सोसते. वैयक्तिक उपायाने सार्वजनिक दोष वाढविण्याचे याहून स्पष्ट उदाहरण घरगुती जीवनात क्वचितच सापडेल. फ्रिजसाठी अथवा जुन्या पद्धतीच्या एसीसाठी स्टॅबिलायझर घ्यावा लागला तर जरूर घ्यावा, पण तो घेऊन लाइनीविषयीचा अर्ज करायचा राहून गेला, असे होता कामा नये.

आता अतिदाबाच्या शत्रूकडे वळू. आणि माझ्या मते तिन्हींत अत्यंत भयंकर पण अत्यंत दुर्लक्षित असा हाच आहे. रोहित्रापासून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट आणि प्रत्येक फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट, ही व्यवस्था जोवर न्यूट्रल शाबूत आहे तोवरच टिकते. वादळात ती तार तुटली, अथवा डीपीतील तिचा जोड सैल होऊन जळाला, की तिच्यापलीकडील घरे दोन फेजांच्या मध्ये एकापुढे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वापराच्या व्यस्त प्रमाणात वाटले जातात. एका घरी दोन हजार वॉटचा पाणी तापविण्याचा हीटर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरील घरी दोनशे वॉटचे दिवे व टीव्ही चालू आहेत अशी कल्पना करा. गणित केल्यास हीटरवाल्याच्या वाट्याला सुमारे ३६ व्होल्ट येतात आणि टीव्हीवाल्याच्या वाट्याला सुमारे ३६४. ज्याने कमी वीज वापरली त्याचीच उपकरणे जळतात, आणि ती एकेकटी जळत नाहीत. टीव्ही, राउटर, फ्रिजचा बोर्ड, एलईडी दिवे, पंख्याचे रेग्युलेटर, सारी आळी एका संध्याकाळी हतप्रभ होते. दुरुस्तीच्या दुकानात फुटलेल्या निळ्या चकत्या एकाच आठवड्यात एकाच आळीतून येऊ लागल्या की जाणता कारागीर न विचारता सांगतो : न्यूट्रल गेला.

हे अरिष्ट आगाऊ सूचना न देता येते असे मात्र नाही. तीन फेजची जोडणी असलेल्या घरात मिक्सर अथवा गीझर सुरू करताच एका खोलीतील दिवा मंद होतो आणि दुसऱ्या खोलीतील एकाएकी प्रखर होतो, असे दिसले तर न्यूट्रलचा जोड सैल आहे हे निश्चित समजावे, कारण केवळ लाइन कमकुवत असती तर सगळेच मंद झाले असते. आणि हा जोड प्रत्यक्ष पाहिला म्हणजे त्याच्या सैल होण्याचे नवल वाटेनासे होते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची, घरातील तार तांब्याची; कोकणी पावसाळ्याची दमट हवा दोन धातूंच्या त्या संधीत शिरते, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि तांब्यावर हिरवट कीट चढते, रोध वाढतो, जोड तापतो, तापून पसरतो, थंड होऊन आकसतो, आणि दर दिवशीच्या या पसरण्या-आकसण्याने स्क्रू कणाकणाने सैल होतो. मेन स्विचचे झाकण उघडल्यावर न्यूट्रलच्या पट्टीजवळचे प्लास्टिक तपकिरी पडून वितळू लागलेले दिसते ते याच ठिकाणी. तेथे दोन धातूंसाठी असणारा योग्य लग वापरणे आणि वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून, मेन बंद ठेवून, स्क्रू आवळून घेणे, हा खर्च एका साध्या स्टॅबिलायझरच्या किमतीच्या अंशानेही होत नाही.

सैल न्यूट्रलपासून एमसीबी वाचवील अशी पुष्कळांची समजूत आहे, आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. एमसीबी प्रवाह मोजते, दाब मोजत नाही. ३६० व्होल्ट आले तरी प्रवाह तिच्या मर्यादेत असेपर्यंत ती स्वस्थ राहते, आणि तिने उडावे एवढा प्रवाह जेव्हा वाहतो तेव्हा उपकरण आधीच जळालेले असते. आरसीसीबीचे काम माणसाचा जीव वाचविण्याचे आहे आणि ते ती उत्तम करते, पण यंत्राचा जीव वाचविणे तिच्या अधिकारात येत नाही. येथे हवे ते दाब पाहून मेनलाच पुरवठा तोडणारे साधन. बोर्डाच्या पट्टीवर बसणारा हा अतिदाब-अल्पदाबाचा कट-ऑफ रिले आता सहज मिळतो. २७० च्या वर अथवा १७० च्या खाली दाब गेला की तो क्षणार्धात घर वेगळे करतो आणि दाब स्थिर झाल्यावर काही मिनिटांनी पुन्हा जोडतो. एका साधनात सबंध घराला संरक्षण मिळते. माझ्या विचारे, घरगुती संरक्षणावर एकच रुपया खर्च करायचा असेल तर तो येथे करावा.

उरलेला शत्रू आकाशातला. विदर्भ-मराठवाड्यात वैशाख-ज्येष्ठात, कोकण-गोव्याच्या सड्यांवर मृगाच्या तोंडी, आणि परतीच्या पावसात सर्वत्र, विजांचा कडकडाट होतो. आणि वीज घरावरच पडावी लागते असे नाही, अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर पडली तरी तारांमध्ये हजारो व्होल्टचा तरंग उत्पन्न करण्यास ती समर्थ असते. हा तरंग किती क्षणिक असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो की, चाचणीसाठी मानलेला प्रमाणतरंग आठ मायक्रोसेकंदांत चढतो व वीस मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो, तर आपल्या घरच्या विजेचे एक आवर्तनच वीस हजार मायक्रोसेकंदांचे असते. स्टॅबिलायझरचा रिले जागचा हलेपर्यंत हा तरंग शेकडो वेळा येऊन जाईल. त्याला आवरण्यासाठी लागते ती दुकानातली निळी चकती, म्हणजे झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, जो जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९७० च्या सुमारास पुढे आणला. सामान्य दाबाला तो जवळजवळ वीज वाहू देत नाही. दाब चारशेतीस व्होल्टच्या आसपास चढला की तो वाट मोकळी करून देऊ लागतो आणि तरंग बाजूला वळवितो. पण प्रत्येक आघाताबरोबर तो थोडा झिजतो, आणि न्यूट्रल गेल्याचा दीर्घ अतिदाब त्याला मुळीच सोसत नाही. तो तापून फुटतो, क्वचित पेटही घेतो. म्हणून कट-ऑफ रिलेशिवाय नुसते स्पाइक गार्ड घेणे अर्धवट होय. बाजारातील पुष्कळशा 'स्पाइक गार्ड'मध्ये तर फ्यूज आणि दिव्याखेरीज काहीच नसते. संरक्षक जिवंत आहे की संपला हे दाखविणारा वेगळा दिवा ज्यावर नाही तो घेऊ नये, आणि शक्य असेल तर मेन बोर्डातच बसणारा, दुसऱ्या प्रकारचा (टाइप-२) एसपीडी म्हणजे तरंग-संरक्षक घ्यावा.

राउटरची वीजबाजू शाबूत राहून केबलचे तोंड का मेले, याचे उत्तर आता देता येईल. तरंग नेहमीच विजेच्या तारेने येतो असे नाही. छपरावरील डिशची तार, केबल टीव्हीची तार, खांबावरून आलेले तांब्याचे इंटरनेट, या सर्व उघड्या वाटा आहेत. एका वाटेने तरंग आत येतो आणि उपकरणाच्या अंतर्भागातून दुसऱ्या वाटेने जमिनीत जाऊ पाहतो. काचतंतूच्या जोडणीत ही वाट नाही, आणि पर्याय उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. घरावर प्रत्यक्ष वीज पडली तर कोणतीही पेटी पुरी पडणार नाही, तेव्हा पहिल्या गडगडाटालाच प्लग व डिशची तार काढून ठेवणे हा आजही निर्विवाद उपाय आहे. नुसता खटका बंद करणे पुरेसे नाही, कारण तो फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. लखलखाटानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' अॅपही पूर्वसूचना देते. मात्र वादळ डोक्यावर आल्यावर प्लग काढायला धावू नये. यंत्र गेले तर पुन्हा घेता येते.

व्हॅरिस्टर असो की एसपीडी, त्याने वळविलेली वीज अखेर जमिनीत जायची असते, आणि आपल्याकडील जमीन तिला सहजासहजी घेत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो व त्याखाली खडक; कोकणचा जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा; आणि मराठवाड्याची काळी माती ओली असताना उत्तम, पण वैशाखात तिला भेगा पडून ती नळीपासून सुटते. म्हणजे ज्या दिवसांत विजा होतात त्यांच्या तोंडावरच अर्थिंग सर्वांत निकृष्ट असते. कोळसा-मिठाच्या थरांत पुरलेल्या नळीत उन्हाळाभर पाणी घालण्याची जुनी रीत म्हणूनच सोडता कामा नये. अर्थिंग तपासताना वायरमन फेज आणि अर्थ यांमध्ये शंभर वॉटचा दिवा लावून दाखवितो, आणि दिवा लागला म्हणून घरमालक संतुष्ट होतो. परंतु त्या दिव्याचा स्वतःचा रोध ५२९ ओहम असल्याने जमिनीचा रोध पन्नास ओहम असला तरी तो डोळ्याला चांगलाच पेटलेला दिसतो. अर्थ टेस्टरचे माप आणि ते पाच ओहमच्या आत, हाच खरा दाखला. काही वायरमन तर अर्थिंग न करता सॉकेटच्या आतच तिसरे भोक न्यूट्रलला जोडून देतात. न्यूट्रल तुटताच फ्रिजचे दार जिवंत होते. हा प्रकार दिसल्यास त्या माणसास पुन्हा घरात घेऊ नये. वास्तविक ग्राहकाच्या जागी योग्य असे अर्थचे टोक पुरवून ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी १९५६ च्या नियमांनी पुरवठादारावर टाकली होती. ते टोक आपल्या मीटरजवळ आहे काय हे प्रत्येकाने पाहावे.

इन्व्हर्टरविषयी थोडेसेच. लाईट असताना तो मेनचीच वीज जशीच्या तशी पुढे पाठवितो, त्यामुळे तो स्टॅबिलायझर नव्हे. त्याच्या मागील बाजूस बहुधा एक लहान खटका असतो; 'यूपीएस' स्थितीत तो साधारण १८० ते २६५ च्या बाहेरचा दाब नाकारतो, आणि दुसऱ्या स्थितीत १०० पासून २९० पर्यंतचा सर्व दाब आत सोडतो. संगणक त्यावर असेल तर खटका पहिल्या स्थितीत ठेवावा. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असे लेबल असलेले इन्व्हर्टर-जातीचे फ्रिज व एसी अल्पदाबाशी खरोखरच चांगला सामना देतात, कारण त्यांचा कॉम्प्रेसर हळूहळू उठतो. पण लेबलावर छापलेल्या कक्षेच्या बाहेर, विशेषतः ३६० व्होल्टपुढे, त्यांचा बोर्डही जळतोच, आणि तो साध्या फ्रिजच्या रिलेपेक्षा कितीतरी महाग असतो. छतावरील सौर संच वाढू लागल्यापासून काही वसाहतींत भर दुपारी दाब चढल्याच्या तक्रारी येत आहेत; त्या खऱ्या आहेत, कारण तारेतून उलट वाहणारा प्रवाह दाब पाडत नाही, चढवितो.

राहिला प्रश्न दाद मागण्याचा. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचा कारभार महावितरणकडे आला, त्यापूर्वी १९९९ मध्ये विद्युत नियामक आयोग आला, आणि २००३ च्या विद्युत कायद्याने सेवेची मानके, ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी चढती व्यवस्था घालून दिली. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे मी म्हणत नाही. पण ती ग्राहकाच्या हक्काची आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. तोंडी तक्रारीला दप्तरात जागा नसते. आठवडाभर रोज संध्याकाळी सात, आठ आणि नऊ वाजता व्होल्टमीटरचा आकडा टिपावा, त्या टिपणासह एकाच डीपीवरील सर्व घरांच्या सह्यांचा अर्ज उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी, दूरध्वनीवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा, आणि मुदतीत काही न झाल्यास मंचाकडे जावे. रोहित्राचा टॅप बदलणे, फेजांवरील भार समान वाटून देणे, न्यूट्रलचा जोड नवा करणे आणि डीपीचे दुहेरी अर्थिंग सुधारणे, ही कामे जनमित्राच्या (लाइनमनच्या) एका दिवसाची असतात. रोहित्र वाढविणे व तारा जाड करणे यांस मंजुरी लागते, आणि ती मंजुरी लेखी मागणीवाचून मिळत नाही.

तेव्हा वाचकांस माझी विनंती अशी की, पुढील वळवापूर्वी परवानाधारक वायरमनला बोलावून न्यूट्रलचा जोड उघडून पाहावा, अर्थिंगचे माप टेस्टरने घ्यावे, मेन बोर्डात कट-ऑफ रिले व एसपीडी बसवून घ्यावा; आणि स्टॅबिलायझरच्या दुकानात जायचे ते एवढे झाल्यानंतर, फक्त मोटारीच्या उपकरणासाठी, आणि डीपीवरील शेजाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज दाखल केल्यावर.